शेगडीची कॉइल वारंवार जळते : तुटलेली जागा आधी पाहा, नवी कॉइल नंतर बसवा

उघड्या कॉइलची विजेची शेगडी बेळगाव शहरात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणीकडच्या गावांमध्ये अजून बऱ्याच घरांत वापरात आहे. शिकण्यासाठी खोली करून राहिलेल्या मुलांची तर ती मुख्य चूलच असते, आणि ज्या घरी गॅस आहे तिथेही सिलिंडर संपला की माळ्यावरून तीच खाली येते. या शेगडीबद्दलची तक्रार बहुधा एकाच शब्दांत ऐकू येते : “सारखी कॉइल जळूलालीय बघा, नवीन घातली तरी टिकेना.” त्यावर दुकानात मिळणारे उत्तरही ठरलेले असते, की हल्ली कॉइलच हलक्या येतात. हे उत्तर काही वेळा खरे असते. परंतु तीन-चार कॉइल ओळीने जळाल्या असतील, तर दोष कॉइलमध्ये नसून तिच्या आजूबाजूला आहे असे धरून चालणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अशा वेळी सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे जळालेली जुनी कॉइल, आणि नेमकी तीच आपण सर्वांत आधी उपटून फेकून देतो. ती काढण्यापूर्वी कुठल्या खाचेत, टोकापासून किती अंतरावर तुटली आहे, हे पाहून ठेवावे. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर उत्तमच. कामाला हात घालण्यापूर्वी पिन सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेले असते आणि बटण बंद असतानाही कॉइलमध्ये फेज, म्हणजे झटका देणारी वीज, खेळत असतो.

तुटलेली जागा काय सांगते

कॉइल दोन टोकांपैकी एकाजवळ, नटबोल्टपाशी तुटली असेल, तर कॉइलच्या दर्जाचा प्रश्न सहसा नसतो. तिथला नट सैल आहे, वॉशर गंजला आहे किंवा तांब्याची वायर आणि कॉइलची तार एकमेकींवर नीट दाबली गेलेली नाहीत, असाच त्याचा अर्थ असतो. सैल जोडावर संपर्काचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, रोध वाढला की तिथे उष्णता वाढते, उष्णतेने धातूवर ऑक्साइड चढते आणि त्यामुळे रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याच बोल्टवर लावलेली दुसरी आणि तिसरी कॉइलही तिथेच जाणार. काळवंडलेला, चिरा पडलेला किंवा हिरवट झालेला बोल्ट आणि त्याचे वॉशर बदलल्याशिवाय नवी कॉइल लावू नये. त्यांची किंमत कॉइलपेक्षा कमी असते, तरीही दुरुस्तीत तेच वगळले जातात.

मध्येच, जिथे पूर्वी दोन टोके पिळून जोडली होती तिथे कॉइल पुन्हा तुटली असेल, तर त्यात नवल नाही. निक्रोमच्या, म्हणजे कॉइलसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-क्रोमियमच्या, तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो. हाच थर तारेला हवेपासून वाचवतो, पण तो विजेचा चांगला वाहक नसल्यामुळे नुसता पीळ दिलेला सांधा आतून हळूहळू तुटक होत जातो. काही जण या सांध्यावर डाग देतात. साधे कथिल-शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि लाल झालेली कॉइल त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. त्यामुळे तो डाग पहिल्याच वापरात गळून पडतो. पिळलेला सांधा रात्रीचा स्वयंपाक उरकण्यापुरता ठीक आहे, त्याला दुरुस्ती म्हणू नये.

तिसरा प्रकार म्हणजे ज्या ठिकाणी वेढे दाटीने बसले आहेत तिथे तुटणे. शेगडी चालू करून खोलीतला दिवा मालवला तर हे जळण्यापूर्वीच ओळखता येते. निरोगी कॉइल सगळीकडे सारखी तांबूस-नारिंगी दिसते. दाट वेढ्यांच्या जागी ती पिवळसर, झगझगीत दिसते. शेजारचे वेढे एकमेकांना तापवतात, उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कॉइलचा शेवट तिथेच होतो. तोच झगझगीतपणा एखाद्या एकाच वेढ्यापुरता असेल, तर तिथे तार चेपली गेली आहे किंवा झिजून बारीक झाली आहे असे समजावे.

तुटलेले टोक भिंगाखाली धरून पाहावे. टोकाला मण्यासारखा गोळा असेल, तर तुटताना ठिणगी पडून तार वितळलेली असते. टोक निमुळते आणि पापुद्रे सुटलेले असेल, तर ऑक्साइडने तार बरेच दिवस खाल्लेली असते. आणि टोक काचेसारखे स्वच्छ, सरळ मोडलेले असेल, तर एक चुंबक घेऊन त्या तारेला लावून पाहावा. निकेल-क्रोमियमची, म्हणजे निक्रोमची तार चुंबकाला चिकटत नाही. लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार, जिला बाजारात कँथल म्हणतात, ती चिकटते. कँथल निक्रोमपेक्षा जास्त तापमान सोसते, परंतु एकदा कडक तापून निवल्यावर ठिसूळ होते. अशी वापरलेली कॉइल थंड असताना ओढून लांबवायला किंवा खाचेत पुन्हा दाबायला गेले की ती मोडते. जुन्या कँथलच्या कॉइलला जोड देऊन पुन्हा बसवण्याचा प्रयत्न म्हणूनच बहुधा फसतो, आणि दोष मात्र कारागिराच्या हाताला दिला जातो.

ओहम मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

साधा मल्टिमीटर असला की बाकीचे गणित घरीच होते. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे २६.५ ओहम, १५०० वॅटच्या कॉइलचा सुमारे ३५ ओहम आणि १००० वॅटच्या कॉइलचा सुमारे ५३ ओहम असला पाहिजे. थंड कॉइल मोजताना आकडा यापेक्षा थोडा कमी दिसतो, कारण तापल्यावर या तारांचा रोध काही टक्क्यांनी वाढतो. नवी कॉइल दुकानातच मोजून घ्यावी. खडेबाजार किंवा गणपत गल्लीसारख्या गर्दीच्या बाजारात दुकानदाराला ते थोडे जाचक वाटेल, पण पाकिटावरचा वॅटचा आकडा कुठल्या व्होल्टेजसाठी आहे हे मोजूनच कळते. २२० व्होल्टसाठी केलेल्या २००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे २४ ओहम असतो, आणि घरात २४५ व्होल्ट येत असतील तर तीच कॉइल जवळजवळ २४८० वॅट खेचते.

रोध बरोबर असूनही कॉइल टिकत नसेल, तर तारेची जाडी पाहावी. समजा ०.७ मिलिमीटर जाडीच्या निक्रोम तारेचे २६.५ ओहम करायचे आहेत. त्यासाठी साधारण साडेनऊ मीटर तार लागते. तेच काम ०.५ मिलिमीटरच्या तारेत पावणेपाच मीटरमध्ये होते. मीटरवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसेल, दोन्ही २००० वॅटच देतील, परंतु जाड तारेचा उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग बारीक तारेच्या जवळजवळ पावणेतीनपट असतो. बारीक तारेला तेवढीच उष्णता कमी जागेतून बाहेर टाकावी लागते, म्हणून ती अधिक तापते आणि लवकर जाते. हातात घेतल्यावर हलकी लागणारी स्वस्त कॉइल खरोखर हलकी असते ती या अर्थाने. जुनी, बरीच वर्षे चाललेली कॉइल उपलब्ध असेल तर तिची आणि नव्या कॉइलची तार शेजारी धरून पाहावी. सूक्ष्ममापी (मायक्रोमीटर) नसला तरी फरक डोळ्यांना कळतो.

कमी व्होल्टेजवर केलेला उपाय अंगाशी येतो

अथणी-रायबागकडच्या उसाच्या पट्ट्यात, आणि एकूणच जिथे शेतीचे पंप आणि घरे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत तिथे, हा प्रकार फार आढळतो. पंप चालू असण्याच्या वेळी घरात व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी शेगडी तेव्हा जेमतेम सव्वाबाराशे वॅट देते, भात शिजता शिजत नाही, आणि शेगडीत दम नाही म्हणून ती दुरुस्तीला जाते. तिथे कोणीतरी कॉइलचा पाव भाग कापून टाकतो. रोध २६.५ वरून २० ओहमच्या खाली येतो आणि १८० व्होल्टवरही सोळाशे वॅटच्या वर शक्ती मिळू लागते. घरचे खूश होतात.

रात्री पंप बंद झाले आणि व्होल्टेज २४५ वर गेले की तीच कापलेली कॉइल सुमारे ३००० वॅट खेचते. म्हणजे विजेचा भार मूळच्या दीडपट, आणि तो वाहायला तार मात्र पाऊणपट. तारेच्या प्रत्येक इंचावर मूळ भाराच्या दुप्पट भार पडतो. कॉइल सगळीकडूनच पांढुरकी तापते, वेढे सैल होऊन खाचेबाहेर डोकावतात आणि आठवड्याच्या आत ती जाते. त्यावर पुन्हा नवी कॉइल, पुन्हा तीच कापाकापी, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. भार १२ अँपिअरच्या वर गेल्यामुळे प्लग आणि सॉकेट वितळण्याचा धोका निराळाच. मुळात २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेते, म्हणून ती ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावणेच चुकीचे आहे. तिला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट आणि त्याला साजेशी वायर हवी.

तुटलेल्या कॉइलचा थोडासा तुकडा काढून उरलेली जोडली, तरी हेच छोट्या प्रमाणात घडते. दहावा हिस्सा कमी झाला तर एकूण शक्ती सुमारे ११ टक्क्यांनी वाढते, पण उरलेल्या तारेवरचा भार २३ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच एकदा जोडलेली कॉइल दुसऱ्यांदा लवकर तुटते आणि तिसऱ्यांदा त्याहून लवकर.

यावर उपाय कॉइलमध्ये नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, निदान सकाळी, पंपांच्या वेळी आणि रात्री उशिरा, सॉकेटवरचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. फरक मोठा असेल तर कमी वॅटची शेगडी वापरून वेळ जास्त द्यावा, किंवा पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. एक लक्षण मात्र गंभीर आहे : मिक्सर किंवा मोटार चालू केल्यावर घरातले काही दिवे मंद न होता उलट प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल असण्याची दाट शंका घ्यावी. सैल न्यूट्रलमुळे एका फेजवर व्होल्टेज ३०० च्या पुढेही जाऊ शकते. अशा वेळी शेगडीच काय, फ्रिज आणि टीव्हीही वापरू नये आणि मीटरकडची जोडणी वीज खात्याच्या माणसाकडून तपासून घ्यावी.

दूध, साखर आणि मीठ

कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, बाजारातून आणणे सोपे असले, तरी बेळगावातल्या काही घरांत तो अजून घरी आटवला जातो, आणि उघड्या कॉइलला त्याच्यासारखा दुसरा शत्रू नाही. दूध उतू गेले की त्यातली साखर आणि प्रथिने कॉइलवर जळून कोळसा होतात. तो कोळसा वेढ्यांमध्ये अडकून उष्णता कोंडतो, आणि दुधातले क्षार तारेवरच्या संरक्षक ऑक्साइडच्या थराला इजा करतात. वरणाचे किंवा आमटीचे खारट पाणी पडले तर मिठातल्या क्लोराइडमुळे नुकसान अधिक होते. पुष्कळदा कॉइल त्या दिवशी जळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी तुटते, आणि तोवर उतू गेलेले दूध कोणाच्या लक्षातही नसते. तुटलेल्या जागेखालच्या खाचेत काळा, चिकट थर दिसला तर कारण हेच.

साफ करताना शेगडी पूर्ण निवल्यावर, पिन काढून, मऊ कोरड्या ब्रशने कोळसा झाडावा. तारेच्या ब्रशने किंवा सँडपेपरने कॉइल घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण आपण जो काळपट थर खरवडतो तोच तिचे रक्षण करत असतो. मातीच्या प्लेटमधल्या खाचेत मीठ मुरले असेल तर नुसत्या झाडण्याने ते निघत नाही. प्लेट सुटी काढून साध्या पाण्यात धुवावी, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत कॉइल बसवू नये.

प्लेटला तडा गेला असेल तर ती बदलावी. पांढरे सिमेंट, एपॉक्सी किंवा भट्टीसाठी मिळणारे सिमेंट भरून तडा बुजवण्याची पद्धत आहे, पण त्यातले बरेच लेप तापल्यावर फुटतात आणि काहींमधली सोडियम सिलिकेटसारखी द्रव्ये कॉइलच्या तारेला खातात. तड्यातून वर आलेला वेढा पातेल्याच्या बुडाला टेकतो हा त्याहून मोठा धोका आहे.

कॉइल बसवण्याची रीत

नवी कॉइल पाकिटातून आवळलेल्या स्थितीत येते आणि खाचेच्या लांबीपेक्षा बरीच आखूड असते. ती अंदाजाने ओढून खाचेत दाबत गेले की सुरुवातीला वेढे विरळ आणि शेवटी दाट होतात. दुरुस्तीत सर्वाधिक चूक होते ती इथेच. त्याऐवजी एक सुतळी घेऊन ती एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत सगळ्या खाचेतून फिरवावी आणि तिची लांबी मोजावी. कॉइलच्या बरोबर मध्यावर दोरा बांधावा, दोन्ही टोके दोघांनी धरून सावकाश ओढावी आणि सोडून द्यावी. ती थोडी मागे येते, म्हणून सोडल्यानंतरची लांबी मोजायची. सुतळीपेक्षा ती किंचित आखूड राहिली की थांबावे. त्यानंतर मधला दोरा खाचेच्या मध्यावर येतो की नाही ते पाहून दोन्ही बाजू सारख्या बसवाव्यात. दोन वेढ्यांमध्ये निदान तारेच्या जाडीएवढी मोकळी फट सगळीकडे दिसली पाहिजे. एकदा जास्त ताणलेली कॉइल दाबून पुन्हा नीट आखूड होत नाही, म्हणून घाई करू नये. ओढताना तार चिमट्याने पकडू नये. चिमट्याचा चरा म्हणजे पुढे तुटण्याची जागा.

टोकाची तार बोल्टपर्यंत नेताना ती दुमडून दुहेरी पिळावी. दुहेरी तारेत रोध निम्मा होतो, त्यामुळे बोल्टजवळचा भाग कॉइलइतका तापत नाही. ही दुहेरी तार दोन स्वच्छ वॉशरांच्या मध्ये घेऊन नट घट्ट आवळावा, आणि पुरवठ्याची वायर त्याच वॉशरखाली न कोंबता स्वतंत्र वॉशर आणि नटाखाली घ्यावी. आतल्या वायरसाठी साधी पीव्हीसी वायर चालत नाही. तिचे आवरण साधारण ७० अंशांपर्यंतचेच असते. चिनी मातीचे मणी ओवलेली तार किंवा फायबरग्लासचे आवरण असलेली वायर वापरावी. पहिल्यांदा शेगडी भांडे न ठेवता दहा-पंधरा मिनिटे चालवावी, दिवा मालवून रंग पाहावा, आणि निवल्यावर नट पुन्हा एकदा आवळावेत, कारण पहिल्या तापण्यानंतर ते हमखास थोडे सैल होतात.

पावसाळ्यातला निराळा त्रास

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या मलप्रभेच्या उगमाकडच्या भागात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा भिंतींपासून भांड्यांपर्यंत सगळीकडे मुरतो, आणि मातीची प्लेट तो सगळ्यांत आधी शोषते. कॉइल धडधाकट असूनही शेगडी लावताच गळतीरोधक स्विच (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा) पडतो, किंवा ज्या घरी तो नाही तिथे शेगडीच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखा झटका बसतो. पिन काढून, मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम पट्टीवर ठेवून, कॉइलचे टोक आणि शेगडीचा पत्रा यांच्यामध्ये मोजावे. ओल असेल तर काही हजार ओहमचाही आकडा दिसू शकतो. कोरड्या शेगडीत मीटर उघडा मार्ग दाखवतो, म्हणजे रोधाचा आकडा येतच नाही. प्लेट गॅसच्या मंद आचेजवळ किंवा चुलीच्या उबेवर, थेट ज्वाळेत न धरता, हळूहळू वाळवली की हा त्रास जातो. गळतीरोधक स्विच काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पत्र्याला अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्यावे. उघड्या कॉइलवर लोखंडी तवा ठेवून भाकरी भाजण्याची सवय अनेक घरांत आहे. तवा वाकलेला असेल किंवा कॉइल वर आलेली असेल, तर त्या तव्यात थेट वीज उतरते आणि हातात लोखंडी उलथने असते. अशा शेगडीवर जाळीचा स्टँड असल्याशिवाय तवा ठेवूच नये.

गरम झाल्यावर शेगडी बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर सैल नट, फिरत्या बटणातला जळका संपर्क आणि कॉइलमधला केसाएवढा तडा ही तीन कारणे त्याच क्रमाने तपासावीत. पहिल्या दोनांतच बहुधा उत्तर मिळते.

काम झाल्यावर शेगडीच्या तळाला पत्र्यावर मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कॉइल बसवल्याची तारीख, मोजलेला रोध आणि त्या वेळचे व्होल्टेज. पुढच्या वेळी कॉइल गेली, तर तुटलेल्या जागेचा फोटो आणि हे तीन आकडे घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जावे.